काउंटरच्या अलीकडून

नांदेडला वजिराबादेत माझं दुरुस्तीचं दुकान आहे आणि लातुरात ट्यूशन एरियाच्या तोंडाशी धाकट्या भावाचं. टीव्हीखाली ठेवायचं किंवा खिशात घालायचं असं जे जे बिघडतं ते आमच्याकडं येतं: कन्सोल, रिमोट, मोबाईल, पॉवर बँक, इअरबड, भजनाचा स्पीकर. सोबत वाद येतो. माणूस एकटा क्वचितच येतो. बाप-लेक येतात, मित्र येतात, नवरा-बायको येतात, आणि वस्तू काउंटरवर टेकायच्या आधीच त्यांचं सुरू असतं. "काका, तुम्हीच सांगा, पीसी भारी का प्लेस्टेशन?" हातात सोल्डरिंग असलं की मी फार बोलत नाही, ऐकतो. बरीच वर्षं ऐकलेलं इथं आकडे टाकून मांडतोय. काही बोल लांबलेत, काही दोन ओळींत आटोपलेत.

१. टीव्ही कुणाचा, ते आधी बघावं

नव्वदच्या दशकात गेम म्हणजे कॅसेटवाला गेम. निन्टेन्डोचं फॅमिकॉम जपानात १९८३ ला आलं. आपल्याकडच्या दुकानांत दिसायची ती समुराई, मीडिया आणि पुढं टर्मिनेटर अशा नावांची, त्याच जातीची डबडी. वायर टीव्हीच्या मागं अँटेनाच्या जागी लावायची, चॅनेल ट्यून करायचं, अन् मारिओ पळायला लागायचा. मग घरोघरी एकच भांडण: गेमनं टीव्हीची ट्यूब जाते. हे सांगणारा बहुधा शेजारचा असायचा, ज्याच्या घरी गेम नव्हता.

खरं एवढंच, की जुन्या पिक्चर ट्यूबवर एकच स्थिर चित्र रोज तासन्‌तास, महिनोन्‌महिने राहिलं तर त्याचा डाग उमटतो. पार्लरच्या मशीनवर असे डाग मी पाहिलेत. मशीन बंद केलं तरी काचेवर स्कोअरची चौकट दिसायची. पण रविवारी दोन तास मारिओ खेळून व्हिडिओकॉनची किंवा ओनिडाची ट्यूब गेली, असं एकही प्रकरण माझ्या टेबलावर आलं नाही. वडील मंडळींना हे पटवण्यात मात्र अर्थ नव्हता. त्यांना सातच्या बातम्या बघायच्या असायच्या. मी पोरांना सांगायचो, ट्यूबवर वाद घालू नका, पावणेसातला वायर काढून गुंडाळून ठेवा. ज्यांनी ऐकलं त्यांचा गेम टिकला. ज्यांनी नाही ऐकलं त्यांची डबडी कपाटावर गेली आणि दिवाळीच्या साफसफाईत माझ्याकडं भंगारात आली.

२. लाईट नसते तेव्हा जे चालतं, ते जिंकतं

हा बोल मोठा आहे, कारण माझ्या मते आपल्याकडचा कन्सोल विरुद्ध मोबाईल हा सगळा वाद इथंच मिटलेला आहे.

२००५ नंतरची काही वर्षं आठवा. शहरात भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, आणि गावाकडं बारा-बारा तास लाईट नसायची. लोहा, कंधार, अहमदपूर, जळकोट, कुठलाही तालुका घ्या. टीव्हीवर चालणाऱ्या गेमला एकाच वेळी तीन गोष्टी लागतात: लाईट, मोकळा टीव्ही आणि घरातल्यांची परवानगी. या तिन्ही एका तासात जमून येणं म्हणजे योगच. वर व्होल्टेजची रड. शेतातल्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज एकदम चढायचं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडं जळालेल्या ॲडाप्टरची रांग. स्टॅबिलायझर फ्रिजला असायचा, गेमला कोण लावणार?

त्याच्या आधीपासून माळेगावच्या यात्रेत पालांखाली ब्रिक गेम विकायला असायचा. करडा पडदा, काळे चौकोन, पिवळी बटणं, आत पेन्सिल सेल. मुख्य गेम एकच, पडणाऱ्या विटा रचायच्या. रंग नाही, आवाज किरकिरा. पण तो बैलगाडीत चालायचा, एसटीत चालायचा, आणि रात्री लाईट गेल्यावर कंदिलाच्या उजेडातही चालायचा. त्याला परवानगी लागत नव्हती. पांघरुणात घेतला की संपलं. मग नोकिया आला. सापाचा गेम नोकियानं १९९७ पासून फोनमध्ये घातलेला होता, पण आमच्या भागात तो घरोघरी पोचला २००३ नंतर, ११०० या टॉर्चवाल्या फोनसोबत. जगभरात २५ कोटींहून जास्त विकला गेलेला हा फोन लोकांनी टॉर्चसाठी घेतला, साप फुकट मिळाला.

बाहेरच्या जगातही हेच घडलेलं आहे. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ ला आला तेव्हा त्याचा पडदा बिनरंगी होता आणि आत दिवासुद्धा नव्हता. त्याच्या विरोधात सेगानं रंगीत, उजेडाचा गेम गिअर आणला. दिसायला गेम गिअर कितीतरी सरस. पण त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास आणि त्याच्याही पुढं जायचा. कोण टिकला हे सगळ्यांना माहीत आहे. अमेरिका-जपानात चोवीस तास लाईट असूनही लोकांनी कमी खाणारं यंत्र निवडलं. मग नायगावच्या पोरानं मोबाईल निवडला तर त्याला गेमिंगमधलं काही कळत नाही, असं पुण्याहून सुट्टीत आलेल्या त्याच्या मामेभावानं म्हणू नये. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा जवळपास फुकट झाला, आणि जो निकाल आधीच लागलेला होता तो जाहीर झाला.

३. फुंकर मारून काही होत नाही

कॅसेट चालली नाही की पोरं फुंकर मारायची, आणि चालायची म्हणून विश्वास बसायचा. चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळं. फुंकरीतल्या ओलाव्यानं पट्ट्या हिरव्या पडायच्या. निन्टेन्डोनंही फुंकू नका असंच सांगितलेलं होतं. पट्ट्या खोडरबरानं घासायच्या, स्पिरिटनं पुसायच्या, बास. आजही चार्जिंगच्या पिनेत फुंकर मारणारे येतात, आणि आत असतो खिशातला दोऱ्याचा गुंता. लाकडी टोकानं हळूच काढावा. टाचणीनं काढायला जाल तर पुढचं काम माझ्याकडं.

४. डब्यावरचा आकडा अर्धा धरावा

"९९९९९९९ इन १" असं छापलेली कॅसेट आठवते? आत गेम चार-पाच, बाकी त्याच गेमचे वेगवेगळे लेव्हल. दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारा मारिओ हा दुसरा गेम धरलेला. तेव्हा गंमत वाटायची. ती कॅसेट बनवणारा बहुतेक आता पॉवर बँक बनवतो.

पॉवर बँकेचा वाद महिन्यातून अनेकदा येतो. "भाऊ, दहा हजारची आहे म्हणलात, माझा फोन पाच हजारचा, मंग दोनदा का चार्ज होईना?" इथं फसवणूक नेहमीच असते असं नाही. दहा हजार एमएएच हा आकडा आतल्या सेलचा असतो, आणि तो सेल असतो ३.७ व्होल्टचा. फोनकडं जाताना तो ५ व्होल्ट करावा लागतो. म्हणजे कागदावरच आकडा ७,४०० वर आला. त्यात वायरीत, सर्किटात, उष्णतेत जातं ते वजा करा. हातात सहा हजारांच्या आसपास पडतं. चांगल्या कंपन्या पाठीमागं बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून हा खरा आकडा छापतात. तो नसेल तर घेऊ नये. बीआयएसची खूण आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल तरी घेऊ नये. २०१२ मध्ये केंद्रानं इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीच्या नोंदणीची पहिली यादी काढली, तिच्यात टीव्ही, लॅपटॉप यांच्या जोडीला व्हिडिओ गेमही होता. वाद घालणाऱ्यांपैकी ती खूण शोधणारा माणूस मला क्वचितच भेटला.

५. पार्लरला शटर होतं

नांदेडात सिनेमा टॉकीजांच्या आसपास व्हिडिओ गेमची पार्लरं होती. उभी मशीनं, आठ आण्याचं किंवा रुपयाचं नाणं, आणि सगळ्यात जास्त गर्दी 'मुस्तफा'वर. कॅपकॉमच्या १९९३ च्या त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण नांदेडात कुणाच्या तोंडून ते ऐकलं नाही. पिवळ्या टोपीवाला मुस्तफा सगळ्यांना हवा असायचा, आणि तो कुणी घ्यायचा यावर इतवाऱ्यातली आणि चिखलवाडीतली पोरं रोज भांडायची. "मुस्तफा मेरा, तू दुसरा ले ना बे" इथपासून सुरू होऊन दोघं मिळून शेवटच्या राक्षसापर्यंत पोचायची. मराठी शाळेचं अन् उर्दू शाळेचं पोरगं खांद्याला खांदा लावून उभं राहायची ती जागा होती.

मग प्लेस्टेशन २ चा काळ आला. १६ कोटींच्या आसपास विकलं गेलेलं ते यंत्र. भारतात त्यातला मोठा हिस्सा घरांपेक्षा पार्लरांतच झिजला असावा, असा माझा अंदाज. चिप बसवून कॉपी डिस्क चालवायची, लेन्स कमजोर झाली की माझ्याकडं. कुस्तीचा गेम, 'क्रिकेट ०७', आणि तासाला ठरलेले पैसे. हरणाऱ्यानं उठायचं, जिंकणाऱ्यानं बसायचं, हा नियम कुणी लिहिला नव्हता पण मोडतही नव्हतं कुणी.

त्या वेळी आया पार्लरला शिव्या द्यायच्या, आणि त्यातल्या काही शिव्या रास्त होत्या. धूर असायचा, वाया गेलेली मोठी पोरं असायची. पण आता मागं वळून बघताना एक दिसतं. पार्लरमध्ये पैसे संपायचे. खेळ थांबवायला बाहेरचा एक माणूस होता, आणि रात्री तो शटर ओढायचा. मावशी शोधत आली तर पोरगं सापडायचं. मोबाईलला हे काहीच नाही. म्हणून "आमच्या काळात आम्हीपण खेळलोच की" असं म्हणणाऱ्या बापाला मी तिथंच थांबवतो. तुम्ही खेळलात, पण तुम्हाला उठवणारं कुणीतरी होतं.

६. गेम नसलेला मोबाईल मिळत नाही

जून-जुलैत लातूरचं दुकान बघण्यासारखं असतं. शाहू, दयानंद या कॉलेजांमुळं 'लातूर पॅटर्न'चं नाव झालं, मग क्लासेस वाढले, आणि नीटसाठी राज्यभरातून लेकरं येऊन राहायला लागली. मेस, होस्टेल, झेरॉक्स, सायकल, आणि मोबाईल. त्या दिवसांत मी भावाच्या मदतीला जातो.

उदगीरकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. डोक्याला टोपी, हातात होस्टेलच्या पावत्या.

"गेम नसलेला मोबाईल द्या."

भावानं साधा, बटणाचा फोन काढला. त्यांनी उलटसुलट करून बघितला, मेनूत गेले, आणि पोराच्या आधी त्यांनाच साप सापडला.

"ह्याच्यात हाय की गेम!"

"काका, एवढा तर राहतोच."

"काढून टाका."

पोरगं खाली मान घालून हसायलं होतं. मग ते हळूच बोललं, "पप्पा, क्लासवाल्यांचे लेक्चर ॲपवर राहतेत. टेस्टपण. बटणाच्या फोनवर येत नाहीत." गृहस्थांनी भावाकडं बघितलं. भावानं मान डोलावली. एकीकडं होस्टेलवाले म्हणतात स्मार्टफोन आणू नका, दुसरीकडं क्लास म्हणतो ॲप घ्या, आणि पैसे दोघांनाही याच माणसानं दिलेले. शेवटी असं ठरलं: बटणाचा फोन पोराच्या खिशात, आणि जुना टॅब होस्टेलच्या रेक्टरांकडं, संध्याकाळी ठरलेल्या वेळेत मिळणार. हा तोडगा आमचा नाही, त्या पोराचाच. मला तो आवडला, कारण त्यात शटर परत आलं.

बंदीनं प्रश्न सुटतो असं मानणाऱ्यांसाठी तारखा देतो. पब्जी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं बंदी घातली, एकूण ११८ ॲपसोबत. २ जुलै २०२१ ला तोच खेळ भारतीय नावानं, बीजीएमआय म्हणून परत. २८ जुलै २०२२ ला पुन्हा दुकानातून गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. मधल्या काळात पोरं फ्री फायरवर गेली, ते फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झालं, तर दुसऱ्यावर. बंदीच्या आठवड्यात बाप पेढे वाटायच्या बेतात असायचे. पोरांना मात्र दुसऱ्या दिवशी नवीन नाव पाठ असायचं.

"लेकरू बिघडलं का?" हे मला विचारतात, आणि मी काही डॉक्टर नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातलंय, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, आणि तिच्यातली खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. खेळावर ताबा नाही, बाकी सगळ्याच्या वर खेळ, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच, आणि हे साधारण बारा महिने. परीक्षा संपल्यावर आठवडाभर रात्र-रात्र खेळणारं पोरगं या खुणेत बसत नाही. वर्षभर जेवणाचं ताट बाजूला सारणारं बसतं, आणि त्याला दुकानात नव्हे, मानसोपचाराच्या डॉक्टरकडं न्यावं.

अजून एक. काउंटरवर पोराचा हट्ट आणि बापाची ऐपत समोरासमोर आली तर आम्ही हसत नाही, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला हसू देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या नांदेड जिल्ह्यात मोबाईलच्या हट्टावरून एका घरातल्या पोराचा आणि पाठोपाठ बापाचा जीव गेला, ते इथं सगळ्यांनी वाचलेलं आहे. तेव्हापासून चौकशीला आलेल्या बापाला भाव सांगायचा तो हळू आवाजात आणि पोराला जरा बाजूला घेऊन, असं आम्ही दोघा भावांनी ठरवलंय.

७. भाव सोयाबीनमध्ये काढावा

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आलं, डिस्कवालं ४९,९९० ला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झालं. लातूरच्या आडतीवर बसणाऱ्या माणसाला हे रुपये सांगून कळत नाही. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे यंत्र झालं दहा क्विंटलहून जास्त सोयाबीनचं. तेही हमीभाव मिळाला तर, आणि तो किती वेळा मिळतो ते मोंढ्यात विचारा. हा हिशेब मांडला की पोरगं म्हणतं, "काका, तुम्ही पप्पाच्या पार्टीत गेलात."

पण मी तसा कुणाच्याच पार्टीत नाही. घरात दोन-तीन भावंडं असतील आणि टीव्ही मोकळा असेल, तर जुनं प्लेस्टेशन ४ घ्या, असं मी उघड सांगतो. एकाच्या हातात वीस हजारांचा फोन देण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, भावंडं एकाच खोलीत बसतात, आणि काय चाललंय ते आईला स्वयंपाकघरातून ऐकू येतं. डिस्कचंच घ्या. खेळून झालेली डिस्क अर्ध्या किमतीत विकता येते, मित्राला देता येते. बिनडिस्कच्या यंत्रात पैसे गेले ते गेले, आणि शंभर जीबीचा गेम उतरवायला गावाकडच्या नेटवर दोन रात्री जागा.

निन्टेन्डोच्या स्विचचा वाद वेगळाच. हातात धरून, टीव्हीला लावून, दोन्ही चालणारं गोड यंत्र आहे, पण मूळ स्विच कंपनीनं भारतात अधिकृतपणे विकलाच नाही. हैदराबादच्या जगदीश मार्केटमधून किंवा सिकंदराबादच्या सीटीसी बाजारातून आलेला घ्यायचा, वॉरंटी देवाच्या हवाली. आणि गंमत बघा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा 'राजी' हा आपल्या पुराणांतल्या देवी-देवतांवरचा गेम २०२० मध्ये सगळ्यात आधी आला तो याच स्विचवर. पुण्यात बनलेला गेम नांदेडात खेळायला यंत्र चोरवाटेनं आणायचं, असा तो प्रकार. पोरांना मी हे मुद्दाम सांगतो, त्यातला एखादा तरी विचारतो, "मंग असा गेम बनवायला काय शिकावं लागतं?" त्या प्रश्नासाठी मी चहा पाजतो.

८. पैसे लावले की तो गेम नव्हे

लेकरांच्या गेमवर सगळ्यात मोठ्यानं बोलणारे काका लोक बरेचदा स्वतः रमी खेळायचे. हे मला फोनची बॅटरी सांगायची. पोराच्या फोनची बॅटरी दोन वर्षांत जाते, या काकांच्या फोनची वर्षात. फोन दुरुस्तीला दिला की स्क्रीनवर 'तुमचे मित्र टेबलावर वाट बघत आहेत' असले निरोप येत राहायचे. एकदा एका शिक्षकांनी फोन परत घेताना मला बाजूला नेऊन, ते ॲप असं काढा की पुन्हा बसणारच नाही, अशी विनंती केली. तसं करता येत नाही. ॲप निघतं, खेळायची ओढ निघत नाही. मी त्यांच्या बायकोचा नंबर बँकेच्या मेसेजला जोडायला सुचवलं. ते हो म्हणून गेले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत का कौशल्याचे, चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्टला मात्र त्याच कायद्यानं वेगळं काढून मान दिला. त्याच्या महिनाभर आधी विधिमंडळात राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो, आलेला गेम बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेर त्यांचं खातं बदललं आणि नवं मिळालं ते क्रीडा. दुकानात त्यावर जे बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही.

मुद्दा हा, की कॅन्डी फोडणारी आजी, बीजीएमआय खेळणारा नातू आणि रमीत पगार घालवणारा जावई यांना एकाच टोपलीत टाकून 'मोबाईल वाईट' म्हणायचं, हे मला पटत नाही. फोन दुरुस्त करताना तिघांचे आजार वेगळे दिसतात.

९. बॅटरीला रात्र मारत नाही, मे महिना मारतो

"रात्रभर चार्जिंगला लावला तर फुटतो का?" आजच्या फोनमध्ये भरलं की थांबवणारं सर्किट असतं, त्यामुळं रात्रभर लावल्यानं लगेच काही होत नाही. 'नवा फोन आठ तास चार्ज करा' हा सल्लाही जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांचा, तो आता सोडून द्यावा. लिथियमचा खरा शत्रू ऊन. नांदेडच्या त्रेचाळीस डिग्रीत गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा लावून ठेवलेला किंवा उशीखाली चार्जिंगला लावून गेम खेळलेला फोन मी उघडला की बॅटरी पाव-भाजीच्या पावासारखी फुगलेली असते. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, भंगारवाल्याला देऊ नये.

२००७ च्या ऑगस्टात नोकियानं बीएल-५सी बॅटऱ्यांबद्दल सूचना काढली. एका विशिष्ट काळात एकाच उत्पादकानं बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापू शकतात, बदलून घ्या. आमच्याकडं बातमी पोचेपर्यंत तिचं 'नोकिया फुटायलाय' असं झालं. लोक फोन रुमालात गुंडाळून, हातभर लांब धरून आणायचे. मी झाकण काढून बॅटरीवरचा क्रमांक वाचायचो. बहुतेकांची त्या यादीत नसायचीच. काहींची तर नोकियाचीच नसायची, नक्कल. आज नोकियाचे ते फोन गेले, पण बीएल-५सी जिवंत आहे. शेतात निंदायला जाणाऱ्या बायकांच्या गळ्यातल्या रेडिओत, हरिपाठ वाजवणाऱ्या स्पीकरमध्ये तीच बसते, आणि नक्कल अजूनही तितकीच विकली जाते.

१०. बंदूक बिघडलेली नसते

कुणीतरी माळ्यावरून जुना गेम काढतो, नव्या एलईडी टीव्हीला जोडतो, आणि बदकं मारायची बंदूक चालत नाही म्हणून घेऊन येतो. ती बंदूक गोळी सोडत नाही, उजेड बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि तो ठराविक क्षणाला दिसला तर नेम बसला. जुनी ट्यूब हे तत्काळ दाखवायची. एलईडी टीव्ही चित्र तयार करायला जरा वेळ घेतो, तेवढ्यात बंदूक म्हणते, चुकला. जुनी ट्यूब मिळाली तर लावून बघा, नाही तर नातवाला तशीच खेळायला द्या.

११. रिमोट 'आपोआप पळतो' तेव्हा

गेमच्या रिमोटच्या, म्हणजे कंट्रोलरच्या, काडीखालचा कार्बनचा पट्टा झिजलेला असतो. स्प्रे मारून देणारा महिनाभराचा आराम देतो. काडी बदलावी, आणि मिळाली तर चुंबकावर चालणारी, हॉल इफेक्टवाली टाकावी. तिच्यात घासणारं काही नसतं. ओरिजिनल का लोकल, या वादात इथं मी ओरिजिनलच्या बाजूला नाही. महागड्या कंपन्यांच्या रिमोटमध्येही वर्षानुवर्षं तोच झिजणारा पट्टा आहे.

१२. सेकंडहँड घेताना डब्यापेक्षा नंबर बघावा

१ डिसेंबर २००९ पासून देशात आयएमईआय नसलेले फोन बंद पडले. त्या आठवड्यात चार सिमचे, लाऊडस्पीकरवाले चिनी फोन घेतलेल्यांची आमच्या दारात जत्रा होती, आणि "फोन चालू हाय, नेटवर्कच येईना" हा वाद कुणाशी घालायचा तेच त्यांना कळत नव्हतं. आता निदान आधी तपासता येतं. फोनवर *#०६# दाबा, पंधरा आकडे येतील. डब्यावरच्या आकड्यांशी जुळवा. मग केवायएम लिहून, एक जागा सोडून ते पंधरा आकडे १४४२२ ला पाठवा. मॉडेल कोणतं आणि फोन काळ्या यादीत आहे का, ते कळतं. स्वतःचा हरवला तर मे २०२३ पासून सुरू झालेल्या संचार साथी या सरकारी पोर्टलवर पोलीस तक्रारीची प्रत जोडून तो बंद करता येतो. कन्सोल असेल तर जुन्या मालकाचं खातं तुमच्या डोळ्यांदेखत काढायला लावा, एक डिस्क पूर्ण लोड होईपर्यंत थांबा, आणि विकणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स व सही असलेली पावती घ्या. आमच्या शेजारीच झेरॉक्सचं दुकान आहे, दोन रुपये लागतात.